लेखकाचा पत्ता

शीर्षकपानाच्या मागे लेखकाचा पत्ता छापण्याची रीत मराठी पुस्तकांत जुनी आहे. वाचकाने पत्र पाठवावे, चूक दाखवावी, पुढच्या पुस्तकाची चौकशी करावी, असे मूक निमंत्रण त्या तीन-चार ओळींत असते. पण लेखक घर बदलतो, वृद्ध होतो, एक दिवस कायमचा निरोप घेतो. छापलेला पत्ता मात्र तोच राहतो. वाचकाला नेमका सापडेल आणि लेखकाच्या हाती राहील असा पत्ता असावा, या जुन्याच गरजेतून लेखकांची संकेतस्थळे जन्मास आली. त्यांचा इतिहास अवघ्या तीन-साडेतीन दशकांचा आहे. परंतु त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जगातील पहिले संकेतस्थळ उभारले आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याची वार्ता बाहेरच्या जगाला दिली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही मूल्य न घेता सर्वांसाठी खुले केले. या औदार्याचे मोल लेखकांच्या दृष्टीने फार मोठे आहे. मुद्रणयंत्र बाळगणे कधीच सामान्य लेखकाच्या आवाक्यात नव्हते. येथे मात्र प्रकाशनाचे साधनच त्याच्या हाती आले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा जनतेसाठी सुरू केली.

साधन हाती आले तरी घर बांधायला जागा लागते. ती जागा फुकट देणारी जिओसिटीज ही वसाहत १९९४ मध्ये अमेरिकेत उभी राहिली. तिच्यात विषयवार मोहल्ले होते. साहित्य, काव्य व तत्त्वज्ञान यांच्या मोहल्ल्याचे नाव अथेन्स असे होते. हजारो हौशी कवी-लेखकांनी तेथे बिऱ्हाड थाटले. १९९९ मध्ये याहू कंपनीने ही वसाहत विकत घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये नवे नियम जाहीर केले. रहिवाशांनी तेथे ठेवलेला मजकूर कायमचा वापरण्याचा, बदलण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा परवाना कंपनीने त्या नियमांनी स्वतःकडे घेतला. रहिवाशांनी निषेध म्हणून आपली पाने रिकामी केली, तेव्हा काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. लढाई जिंकली, पण जमीन दुसऱ्याचीच राहिली. ऑक्टोबर २००९ मध्ये कंपनीने जपान वगळता सारी वसाहत बंद केली आणि कोट्यवधी पाने एका फटक्यात बेघर झाली. त्यांतील बरीच पाने आज वाचता येतात, ती कंपनीच्या कृपेने नव्हे. वसाहत मोडण्याआधी स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने त्यांच्या प्रती करून ठेवल्या, म्हणून.

स्वतःच्या जागेवर उभे राहिलेल्या लेखकांचे अनुभवही बोधप्रद आहेत. स्टीफन किंग या विख्यात अमेरिकन कादंबरीकाराने जुलै २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावरून हप्त्याहप्त्याने विकायला काढली. पहिल्या हप्त्याची किंमत एक डॉलर होती आणि ती देणे वाचकाच्या सचोटीवर सोपवले होते. शंभरांतील पंचाहत्तर वाचकांनी पैसे दिले तर कथा पुढे चालेल, अशी त्याची अट होती. आरंभी ती पाळली गेली; चौथ्या हप्त्यापर्यंत पैसे देणारे निम्म्याहून कमी झाले. डिसेंबरमध्ये सहाव्या हप्त्यानंतर कथा थांबली, ती अपूर्णच राहिली. एवढा नामवंत लेखकही प्रकाशक आणि ग्रंथविक्रेता यांना बाजूला सारून सुखाने चालू शकला नाही.

याउलट अँडी वीअर हा संगणक-तंत्रज्ञ त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हता. मंगळावर एकटाच अडकलेल्या अंतराळवीराची कथा तो २००९ पासून आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य देऊ लागला. विज्ञान जाणणाऱ्या वाचकांनी त्यातील चुका कळवल्या, त्याने त्या दुरुस्त केल्या. वाचकांच्याच आग्रहाने २०११ मध्ये त्याने ती ई-पुस्तकाच्या रूपात ९९ सेंटला ठेवली. २०१४ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ‘द मार्शियन’ छापील स्वरूपात आणली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. संकेतस्थळ हे दुकान म्हणून डगमगले. ओसरी म्हणून मात्र बहरले.

मराठी लेखकापुढे आणखी एक अडचण होती, ती अक्षरांची. १९९० च्या दशकात मराठी टंक बहुधा रोमन अक्षरांच्या जागी आपली अक्षरे बसवीत. वाचकाच्या संगणकावर नेमका तोच टंक नसेल, तर ओवीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला एक निश्चित क्रमांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्येच सिद्ध झाली होती. पण ती घरोघरच्या संगणकांत पोचायला पुढचे दशक उजाडले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम खुले झाले. त्यामुळे मजकुराबरोबर पत्ताही आपल्या लिपीत लिहिण्याची सोय झाली.

तरीही ‘स्वतःचे घर’ हा शब्दप्रयोग जपूनच करावा लागतो. संकेतस्थळाचे नाव कोणी कायमचे विकत घेत नाही. ते ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळते. भाडे थकले, सवलतीची मुदतही टळली, की तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे हक्क वारसांकडे साठ वर्षे आणि पत्ता मात्र पुढच्या भाड्यापर्यंत! १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह अन्य ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. तो कायदा छापील पुस्तकांसाठी होता. संकेतस्थळावरच्या पानाची काळजी घरच्यांनीच घ्यायची आहे.

आपल्या कुटुंबांतही लिहिणारी माणसे आहेत. कोणाचा एखादा कवितासंग्रह, कोणाचा गावाचा इतिहास, पाचशे प्रतींची एकच आवृत्ती आणि नंतर शांतता. अशा लेखकाने संकेतस्थळ उभारताना थाटमाटाचा विचार करू नये. पुस्तकांची नावे, प्रकाशनाची वर्षे, प्रत कोठे मिळेल ते, शुद्धिपत्र आणि पत्रव्यवहाराची सोय, एवढे साध्या अक्षरांत असले तरी पुरे. साधेपणा टिकतो. सर्नने २०१३ मध्ये आपले आद्य पान जुन्याच पत्त्यावर पुन्हा ठेवले, ते १९९२ सालच्या प्रतीवरून. आणि ते आजच्या संगणकावरही विनासायास वाचता येते. त्या पानावर चित्र नाही, सजावट नाही. मजकूर आणि दुवे तेवढे आहेत.

त्यापुढचे काम मुलामुलींचे. संकेतस्थळाचे भाडे केव्हा भरायचे, परवलीचा शब्द कोठे नोंदवला आहे, मजकुराची दुसरी प्रत कोणाकडे आहे, हे लेखक हयात असतानाच विचारून घ्यावे. जमिनीचा सातबारा आपण जपतो. घरातल्या माणसाने आयुष्यभर जे लिहिले, त्याचाही एक उतारा घरात असावा.