उंचीवरील सराव (सायकल शर्यत)

व्यावसायिक सायकल शर्यतीत कामगिरी वाढवण्याची वैध पद्धत. टेनेरीफ बेटावरील तेइदे किंवा ग्रॅनाडाजवळील सिएरा नेवाडा येथे २,००० मीटरच्या वर सायकलपटू दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकतात. विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन अधिक स्रवतात आणि हळूहळू हिमोग्लोबिन वाढते. १९९० च्या दशकात हेच संप्रेरक सर्रास टोचून घेतले जाई. मग परिणाम एकाच जातीचा असताना डोंगर चालतो आणि सुई का चालत नाही, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण डोंगरावर लगाम शरीराच्याच हाती असतो: गरज भागली की स्राव आपसूक उतरतो. इंजेक्शनाने रक्त हवे तितके दाट करता येते, गुठळीचा धोका वाढतो. म्हणून तर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ मध्ये पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा ५० टक्के ठरवली.

डोंगरावरची विरळ हवा कृत्रिमरीत्या साधणारे कमी ऑक्सिजनचे तंबू हा युक्तिवाद थोडा अडचणीत आणतात खरे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००६ मध्ये त्यांवर बराच खल केला, बंदी मात्र घातली नाही. उलट हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी विषारी कार्बन मोनॉक्साइड वारंवार श्वासावाटे घेण्यास सायकल संघटनेने फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली. वैद्यकीय देखरेखीत हिमोग्लोबिन मोजण्यापुरता तो चालतो. म्हणजे कृत्रिमतेपेक्षा आरोग्याचा धोका निर्णायक ठरतो, आणि ते योग्यच आहे. विषमतेचा आक्षेप मात्र खोडता येत नाही: असे लांबलचक मुक्काम लहान संघांच्या खिशाला जड जातात.