सहाणेवरची धूळ

कार्यानुभवाच्या तासाला सुतारकाम शिकवणाऱ्या काही शाळांत डिस्क सँडर असतो. मोटरीला बसवलेली गोल तबकडी, तिच्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर आणि समोर लहानसे टेबल, एवढेच हे यंत्र. त्याच्या धोक्याविषयी बोलताना आपण बोटांची काळजी करतो, आणि ती करायलाच हवी. पण घासण्याच्या यंत्रांचा इतिहास चाळला, तर पानोपानी भेटते ती धूळ.

इंग्लंडमधले शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव. तिथे वालुकाश्माची मोठी चाके आधी पाण्याच्या शक्तीवर, पुढे वाफेच्या इंजिनावर फिरत. घोड्यावर मांड टाकावी तसा कारागीर चाकामागे बसे आणि ओणवा होऊन पाते टेकवी. सुऱ्यांचे काम बहुधा ओल्या दगडावर चाले, काटे मात्र कोरड्यावर घासत. कोरड्या दगडावरचे कारागीर जेमतेम पस्तिशी गाठतात आणि ओल्यावरचे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडतात, असे तिथल्या डॉ. नाइट यांनी नोंदवले होते. एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गावर लिहिलेल्या पुस्तकात हे दिले आहे. सोबत आणखी एक चमत्कारिक निरीक्षण आहे: दारुडे कारागीर इतरांपेक्षा जास्त जगत, कारण ते कामावर कमी येत!

यावर उपाय शोधणाऱ्यांत अब्राहम नावाचे शेफिल्डचे एक शाळामास्तर होते. १८२०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी चाकापाशी चुंबक बसवण्याची युक्ती काढली. पोलादाचे कण चुंबकाला चिकटत. पण फुप्फुसे निकामी करतो तो मुख्यतः दगडातला स्फटिकरूप सिलिका, आणि तो चुंबकाला दाद देत नाही. लोखंडाचा कीस आणि वाळू एकत्र करून त्यावर चुंबक फिरवला, तर वर्गातही हे सहज दाखवता येईल. चाक झाकून पंख्याने धूळ ओढून घेणे हा खरा उपाय होता आणि तोही तेव्हा ठाऊक होता. तरी काही ठिकाणी कारागिरांनीच ती साधने मोडून टाकली. धंदा निर्धोक झाला तर जास्त लोक त्यात येतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तसे म्हणवत नाही.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर मध्य प्रदेशातल्या मंदसोरकडे पाहू. पाटीवरच्या पेन्सिली तिथे विजेच्या करवतींनी कापल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. धूळ त्याच सिलिकाची.

पुढे नैसर्गिक दगड मागे पडला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी चिकणमाती आणि कोक विजेने तापवून चकाकणारे कठीण स्फटिक मिळवले. त्यात कार्बन आणि कुरुंद असावा असे समजून त्यांनी नाव दिले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. (इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळमधून गेलेला, आपल्या कुरुंदाचाच तो भाऊबंद.) आजच्या पॉलिश पेपरवर बहुधा हे किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असते. वालुकाश्मासारखा स्फटिकरूप सिलिका त्यात नसल्याने जुने संकट ओसरले.

पण घासल्या जाणाऱ्या वस्तूची धूळ राहिलीच. इंग्लंडमधले हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव. १९६०च्या दशकात तिथल्या नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मी हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण वारंवार येऊ लागले. पाहावे तो लाकूडकामगार! डोनाल्ड अ‍ॅचेसन (आडनाव तेच, हा निव्वळ योगायोग) आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यासह १९६८ साली हा संबंध आकडेवारीनिशी मांडला. काम सुरू केल्यापासून रोग दिसेपर्यंत चाळीसेक वर्षे गेलेली असत, म्हणूनच तो इतके दिवस कुणाच्या ध्यानात आला नव्हता. १९६९ साली ब्रिटनमध्ये हा व्यवसायजन्य रोग ठरला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवले.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. तबकडीचा व्यास ३० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला १४४० धरले, तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२.६ मीटर, म्हणजे ताशी ८१ किलोमीटर येतो. मध्यबिंदूपाशी तो शून्य. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. कडेला लाकूड का करपते आणि मधोमध का घासले जात नाही, हेही त्यातच उलगडते. तबकडीची एक बाजू खाली जाते, दुसरी वर येते. लाकूड खाली जाणाऱ्या बाजूलाच धरायचे, म्हणजे ते टेबलावर दाबले जाते. दुसऱ्या बाजूला ते उडते आणि धूळही तोंडावर येते. टेबल तबकडीच्या अगदी जवळ, दोन-तीन मिलिमीटरवर असावे. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. धूळ ओढणारी नळी जोडल्याशिवाय मोटर सुरू करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, त्यासाठी धुळीचा मास्कच हवा. आणि याच यंत्रावर लोखंड घासू नये, कारण ठिणगी नळीतून धुळीच्या पिशवीत गेली तर आतला भुसा तासाभरानेही पेट घेऊ शकतो.