ब्लांको, क्वाउतेमोक

(१७ जानेवारी १९७३ – ). मेक्सिकोचा निवृत्त फुटबॉलपटू. मध्यफळी व आघाडी यांच्या सांध्यावर खेळणारा. मेक्सिको शहरातील तेपितो या श्रमिक वस्तीत वाढलेल्या ब्लांकोने १९९२ मध्ये क्लब आमेरिका या मातब्बर संघातून व्यावसायिक कारकीर्दीस प्रारंभ केला. १९९८ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध दोन प्रतिस्पर्ध्यांनी वाट अडविली असता, चेंडू दोन्ही पावलांत धरून त्याने त्यांच्यामधून जी उडी घेतली, ती ‘क्वाउतेमिन्या’ या नावाने विख्यात झाली. डावपेच म्हणून तिचे मोल बेताचेच. परंतु गल्लीतला उनाडपणा जागतिक रंगभूमीवर असा बिनदिक्कत अवतरलेला पाहून सामान्य मेक्सिकन प्रेक्षक जो हरखला, त्यातच त्याच्या लोकप्रियतेचे मर्म आहे. १९९९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकात त्याने सहा गोल केले व अंतिम सामन्यात मेक्सिकोने ब्राझीलला ४–३ असे नमविले. स्पेनमधील वायादोलिद संघातील त्याची उमेद मात्र २००० मधील गुडघ्याच्या दुखापतीने खचली. मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक ला व्होल्पे यांच्याशी असलेले त्याचे वितुष्ट सर्वश्रुत होते. त्यांनी २००६ च्या विश्वचषकातून त्याला वगळले, तेव्हा देशभर गहजब उडाला. २००७ ते २००९ या काळात शिकागो फायर संघात तो स्थलांतरित मेक्सिकनांचा लाडका ठरला. २०१० मध्ये सदतिसाव्या वर्षी फ्रान्सविरुद्ध पेनल्टीवर गोल करून, तीन विश्वचषकांत गोल नोंदविणारा पहिला मेक्सिकन होण्याचा मान त्याने मिळविला. पुढे राजकारणात शिरून तो क्वेर्नावाकाचा नगराध्यक्ष व मोरेलोस प्रांताचा राज्यपाल (२०१८–२४) झाला. तो अंमल वादग्रस्त ठरला. नगराध्यक्षाच्या हुद्द्यावर असतानाच, मार्च २०१६ मध्ये, तो आमेरिकातर्फे निरोपाचा सामना खेळला.