न्यायालयाआधीचे दार

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. पण कायद्याने वाड्याच्या आतले जग पालटले नाही. पुण्यात एका घरी स्वयंपाक करणारी तरुण ब्राह्मण विधवा एका शास्त्र्याच्या नादी लागून गरोदर राहिली. मूल झाले, ते तिने मारून विहिरीत टाकले, आणि काळ्या पाण्याची जन्मठेप भोगावयास ती एकटीच गेली.

ती क्रूर होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. नऊ महिने लोकलज्जेचे ओझे जिने कोणापाशीही न बोलता वाहिले, तिचे मन प्रसूतीच्या घटकेला ठिकाणावर कसे राहावे?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी हे मर्म ओळखले. १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मणवस्तीत जाहिराती लावल्या, की विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, हे त्यांच्या मर्जीवर. १८८४ पर्यंत अशा पस्तीस स्त्रिया आल्याचे जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. १८७४ मध्ये आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत याला या दांपत्याने दत्तक घेतले; तो पुढे डॉक्टर झाला.

पंढरपुरातही १८७५ साली असेच गृह निघाले. पण अशी दारे थोडी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, मागाहून ती कमी झाली. सारा दोष बाईच्याच माथी का, हा संतप्त सवाल ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात केला.

आज प्रश्नाचे रूप निराळे आहे. पुष्कळदा छळ करणारा घरातलाच असतो, आणि पोटुशी बाईही मारातून सुटत नाही. अशा छळाने मातेला नैराश्य येते, मूल अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक छळही हिंसाच मानला. त्याआधीच, २००० साली, मुंबईत वांद्र्याच्या महापालिका रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र सुरू झाले होते. दवाखान्यात तपासणीला जाणाऱ्या बाईला घरी पुष्कळदा कोणी अडवीत नाही. म्हणून ही जागा मोलाची.

न्यायालय घडून गेल्यावर निवाडा करते. त्याच्या आधी एक दार उघडे असावे लागते, आणि ते कोठे आहे हे बाईला ठाऊक असावे लागते. फुल्यांनी भिंतींवर जाहिराती लावल्या त्या याचसाठी. आपल्या गावात असे दार कोठे आहे, हे आपण प्रत्येकाने आज विचारून पाहावे.