पेंड्युलम
ऑस्ट्रेलियातील ड्रम अँड बेस वाद्यवृंद. स्थापना २००२, पर्थ. रॉब स्वायर, गॅरेथ मॅकग्रिलन आणि पॉल हार्डिंग हे संस्थापक. स्वायर व मॅकग्रिलन आधी रॉक वाजवत. पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज त्यातच आहे. ड्रम अँड बेसचे केंद्र असलेल्या ब्रिटनपासून पर्थ फार दूर, म्हणून २००३ मध्ये तिघे तिकडे गेले. ‘होल्ड युअर कलर’ (२००५) हा पहिला अल्बम बराचसा संगणकावर रचलेला, नृत्यगृहांसाठीचा होता.

ड्रम अँड बेसची लय मिनिटाला साधारण १७० ते १७५ ठोक्यांची. तुटक, धावता ताल आणि खोल खर्ज ही त्याची ओळख. पेंड्युलमने त्यावर विकृत स्वराची इलेक्ट्रिक गिटार, गाण्याचा रॉकसारखा मुखडा-अंतरा आणि प्रत्यक्ष वाजणारे ड्रम चढवले. तबकड्या फिरवण्याऐवजी ते पूर्ण ताफ्यानिशी मंचावर येऊ लागले. या वेगात हाताने ड्रम वाजवणे दमछाक करणारे असते, आणि त्यांच्या मैफलींचा खरा जोर तिथेच आहे. ‘इन सिलिको’ (२००८) मध्ये रॉक ठळक झाला, तेव्हा जुने चाहते नाराज झाले. पण तो बदल धाडसाचा आणि योग्यच होता. ‘इमर्शन’ (२०१०) ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यात स्वीडनच्या ‘इन फ्लेम्स’ या मेटल वाद्यवृंदाचाही सहभाग आहे.

त्यानंतर स्वायर व मॅकग्रिलन ‘नाइफ पार्टी’ या आपल्या दुसऱ्या संगीतप्रकल्पाकडे वळले. २०१६ मध्ये पेंड्युलम मंचावर परतला. ‘इनर्शिया’ हा चौथा अल्बम २०२५ मध्ये आला.