धर्मशाळेचा पोहरा

अक्कलकोटचे नाव ज्या अतिथीमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचले, त्या अतिथीने या गावी स्वतःसाठी एकही भिंत उभारली नाही. 1857 च्या आसपास श्रीस्वामी समर्थ येथे आले आणि चोळप्पा नावाच्या एका सामान्य गृहस्थाकडे राहिले. 30 एप्रिल 1878 रोजी त्यांनी देह ठेवला, तोपर्यंतची वीसएक वर्षे कधी त्या घरी, तर कधी वडाच्या सावलीत गेली. त्यांची समाधी चोळप्पांच्याच घरी आहे. वडाभोवती पुढे देऊळ झाले. गावाचा सारा लौकिक एका गृहस्थाने परक्यास दिलेल्या ओसरीवर आणि एका झाडाच्या सावलीवर उभा आहे, असे म्हटल्यास भाविक रागावणार नाहीत.

आज त्याच गावी गुरुवारी, पौर्णिमेस, दत्तजयंतीस माणसांची रीघ लागते. त्यांच्यासाठी भक्तनिवास आहेत, लॉज आहेत, हॉटेले आहेत. उतरणाऱ्या प्रत्येकास आंघोळीस ऊन पाणी, अंगाखाली धुतलेली चादर आणि उन्हाळ्यात थंड हवा हवी असते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु हा देश कोरडा आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही पडेल त्या वर्षी. स्वामींची अखेरची दोन वर्षे म्हणजे 1876 ते 1878 चा तो भयंकर दुष्काळ. त्याची झळ ज्या जिल्ह्यांना सर्वांत अधिक लागली, त्यांत सोलापूर होते. अशा मुलखात पाहुणा उतरला म्हणजे त्याच्या पाण्याचा, सरपणाचा व उष्ट्याखरकट्याचा भार कोणी सोसावयाचा? हॉटेलवाले आता 'पर्यावरणपूरक' हा शब्द वापरतात. शब्द नवा असला तरी प्रश्न फार जुना आहे, आणि महाराष्ट्राने त्याची काही उत्तरे दगडात कोरून ठेविली आहेत.

मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे जाणारा मनुष्य चैत्यगृह पाहून परततो. लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी पाहण्यास सहसा थांबत नाही. वास्तविक खरी विद्या तेथे आहे. खडकाच्या उतारावर बारीक चर खणून पावसाचे पाणी त्यांत वळविले आहे, आणि ते दाराशीच्या टाक्यात साठेल अशी योजना केली आहे. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. दाता लेणे देतो तेव्हा कित्येकदा लेण्याबरोबर पोढीही दिल्याची नोंद करतो. निवारा दिला पण पाणी दिले नाही, तर ते दान अपुरे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. यात शिकण्याजोगे आणखी एक आहे. ज्याच्या दाराशी पोढी असेल, त्याला आपली पोढी किती भरली आहे हे रोज डोळ्यांनी दिसत असे. त्याही आधी अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावल्याचे, विहिरी खणल्याचे व विश्रांतिस्थाने बांधल्याचे आपल्या लेखांत सांगितले आहे. झाड, पाणी आणि छप्पर या तिघांना त्याने एकाच दमात उच्चारावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

धर्मशाळा ही याच कुळातली. तिच्यात उतरणारा वाटसरू आपली वळकटी, आपला तांब्या व आपला शिधा बरोबर घेऊन येई. धर्मशाळेने त्याला छप्पर द्यावयाचे, विहीर द्यावयाची आणि चुलीपुरती जागा द्यावयाची. बाकीचा संसार त्याच्या पाठीवर. चादरी धुण्याचा प्रश्न नव्हता, कारण चादर ज्याची त्याची. दिवसभर दिवा जळण्याचा प्रश्न नव्हता. आणि पाण्याचे म्हणाल, तर पोहरा विहिरीत सोडून तो आपल्याच हातांनी ओढावा लागे. चैत्रात पाणी खोल गेले की दोराची दोन वेटोळी अधिक सुटत. विहीर किती आटली हे सांगावयास मुनिमाची गरज पडत नसे; तळहातच सांगत. अशा मनुष्याने दहा पोहरे अंगावर घेतल्याचे उदाहरण सापडणे कठीण. काटकसर हा त्याचा सद्गुण होता, असे मी म्हणणार नाही. ती त्या दोराची करणी होती.

इमारतीविषयीही तेच. आमच्याकडची जुनी धाब्याची घरे व चौकाचे वाडे पाहावेत. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती दिवसाचे ऊन पोटात घेतात आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाते. या कलेची परमावधी अक्कलकोटहून दूर नाही. तालुक्यातून वाहणाऱ्या बोरी नदीवरच, वरच्या अंगाला नळदुर्गाचा किल्ला आहे. तेथे इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत 1613 मध्ये नदीला बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नदी डोक्यावरून कोसळत असता आतला मनुष्य कोरडा बसून तिचा गारवा घेतो. सुलतानी चैन खरी. पण त्या चैनीसाठी नदीचा एक थेंबही खर्च होत नसे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग धर्मशाळाच बरी होती. तसे मुळीच नाही. ज्या विहिरीवर शेकडो पोहरे पडत, त्या विहिरीत पटकीही उतरे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकी पुनःपुन्हा उठली आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेली. 1884 मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात कॉख यास तिचे जंतू सापडले, तेव्हा कोठे या मरणाचा रस्ता नीट कळला. सरकारने 1867 मध्ये सराईंचा कायदा केला. त्यात खोल्या, गटारे व विहिरी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी सराईवाल्यावर टाकली आहे. ती टाकावी लागली यावरूनच पूर्वीची स्थिती उघड होते.

दुसरा दोष याहून लाजिरवाणा. पोहरा सर्वांना मिळत नसे. कित्येक धर्मशाळा जातवार होत्या, आणि ज्याला विहिरीला शिवू दिले जात नसे त्याला धर्मशाळेचीही पायरी बंद असे. 1927 चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी झाला तो उगीच नव्हे. या दोन्ही दोषांवर ज्याने एकाच आयुष्यात हात घातला तो पुरुष म्हणजे गाडगे महाराज. यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्यांसाठी धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या धर्मशाळांतून देवाची मूर्ती मुख्य नव्हती, खराटा मुख्य होता. यात्रा झाल्यावर गाव पूर्वीइतकेच स्वच्छ राहिले पाहिजे, हा धडा आमच्या हॉटेल-शास्त्राने अन्य कोणाकडून घेण्याचे कारण नव्हते.

असो. 1871 मध्ये लोहमार्ग सोलापूरच्या पुढे रायचुरास भिडला, आणि दहा दिवसांची यात्रा दीड दिवसावर आली. वळकटीची जागा पेटीने घेतली. पुढे शिधाही सुटला. मुंबईस 1903 च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडले. विजेचे दिवे, पाळणे व पंखे यांनी ते गजबजलेले होते. त्याची प्रतिकृती होणे शक्य नव्हते. पण त्याची कल्पना मात्र हळूहळू तालुक्याच्या लॉजपर्यंत झिरपली. ती कल्पना अशी की, पाहुण्यास कशाचाही हिशेब दिसू नये. नळ आला आणि पोहरा गेला. पाणी कोठून येते, कोठे जाते, हे भिंतीआड झाले. साध्या फवाऱ्याखाली मिनिटास सुमारे दहा लिटर पाणी सुटते. दहा मिनिटांचे स्नान म्हणजे शंभर लिटर, म्हणजे पंधरा लिटरांच्या बादलीने जवळजवळ सात बादल्या. विहिरीवर उभा असता ज्याने दोन बादल्यांत आटोपले असते, तोच सद्गृहस्थ खोलीत सात वापरतो, आणि आपण काही अधिक केले असे त्याला वाटतही नाही. मनुष्य बिघडला नाही. दोर तेवढा नाहीसा झाला.

हा दोर पुन्हा कसा जोडावा, याचे प्रयोग गेल्या चाळीस वर्षांत जगभर चालले आहेत, आणि त्यांत एक मराठी नाव मानाने घ्यावे लागेल. विठ्ठल कामत यांनी 1997 मध्ये मुंबईस विलेपार्ले येथे विमानतळानजीक ऑर्किड हॉटेल काढले. 'इकोटेल' हे प्रमाणपत्र मिळविणारे आशियातील ते पहिले पंचतारांकित हॉटेल. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, कचऱ्याची वर्गवारी, विजेची बचत, या गोष्टी तेथे मुळापासून योजिल्या होत्या. त्यांतील एक युक्ती मला विशेष आवडते. खोलीतील वातानुकूलन यंत्राला एक कळ होती. ती दाबली म्हणजे पाहुण्याच्या संमतीने हवा दोन अंश कमी थंड होई. बचत चोरून केली नाही, पाहुण्याला विचारून केली.

कारण चोरून केलेली बचत हा या धंद्याचा जुना रोग आहे. पुष्कळ हॉटेलांत न्हाणीघरात एक चिठ्ठी ठेवलेली असते: पृथ्वीच्या रक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरा. 1986 मध्ये जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकन लेखकाने या चिठ्ठीवर बोट ठेवले. एरवी वाटेल तशी उधळपट्टी करणाऱ्या हॉटेलास येथेच पृथ्वी आठवते, कारण येथे धुलाईचा खर्च वाचतो, असे त्याचे म्हणणे होते. अशा हिरव्या मुलाम्यासाठी त्याने घडविलेला इंग्रजी शब्द आज सर्वत्र रूढ आहे. पण याच चिठ्ठीवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग तितकाच उद्बोधक आहे. पृथ्वीचे नाव घेण्यापेक्षा 'याच खोलीत पूर्वी उतरलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला' असे लिहिले, तेव्हा अधिक पाहुण्यांनी तसे केले. उपदेशापेक्षा रीत बलवत्तर, हे वारकऱ्यांच्या देशात नव्याने सिद्ध करण्याची आवश्यकता नव्हती. आणि गंमत अशी की, त्या टॉवेलांशी सोलापूरचा संबंध घरचा आहे. चादरीइतकेच टॉवेलांसाठी सोलापूर विख्यात आहे; दूरच्या एखाद्या हॉटेलात त्या चिठ्ठीखाली घडी घालून ठेवलेला टॉवेल अक्कलकोटापासून दहाबारा कोसांवर विणलेला असणे मुळीच अशक्य नाही.

आता पुन्हा अक्कलकोटकडे येऊ. येथील प्रश्न मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलाचा नाही. येथे उतरणारा मनुष्य पुण्याचा कारकून असतो, गुलबर्ग्याचा दुकानदार असतो; तो एक रात्र राहतो, पहाटे स्नान करतो आणि दर्शन घेऊन निघतो. म्हणजे सर्वांचे नळ एकाच घटकेस सुटतात. पाणी येते ते बोरीवरच्या कुरनूर धरणातून, आणि त्या धरणावर गावातल्या घरांचा व आसपासच्या शिवारांचाही हक्क आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट या भागात कोणी विसरलेले नाही. तशा वर्षी यात्रेकरूचे स्नान आणि गावकरणीची घागर या दोहोंत निवड करण्याची वेळ आली, तर ती कोणी करावी? देवस्थानाने? नगरपालिकेने? मला वाटते, ती वेळ येण्यापूर्वीच हिशेब मांडलेला बरा.

हिशेब कठीण नाही. शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर येथील सरासरी पावसात पंचावन्न हजार लिटर पाणी पडते. त्यातले पाचवा भाग वाया गेले असे धरले, तरी चव्वेचाळीस हजार लिटर उरते. दोन बादल्यांच्या हिशेबाने चौदाशेहून अधिक स्नाने. कान्हेरीच्या दात्याने हे गणित कागदाशिवाय केले होते. ऊन तर या जिल्ह्यात उदंड आहे, तेव्हा स्नानाचे पाणी विजेने तापविणे म्हणजे नदीकाठी विहीर विकत घेण्यासारखे आहे. दर्शनी भागाला सबंध काच बसविण्याची जी नवी हौस आली आहे, तिच्याविषयी मात्र मला क्षमा नाही. बेचाळीस अंशांच्या वैशाखात काचेआड खोली तापवावयाची आणि मग यंत्राने ती निववावयाची, हा उद्योग ज्याच्या शेजारी जुना वाडा उभा आहे त्याने तरी करू नये.

पंगतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1988 मध्ये स्थापन झालेले अन्नछत्र मंडळ येथे रोज हजारो लोकांना जेवू घालते. पूर्वी पंगतीस पळसाची पत्रावळ असे. जेवण झाले की ती गुरांपुढे वा खताच्या खड्ड्यात जाई. मग सर्वत्र थर्मोकोलची ताटे आली, आणि 2018 च्या मार्चमध्ये राज्याने त्यांवर बंदी घातली. उरले धातूचे ताट. ते स्वच्छ आहे, टिकाऊ आहे, पण ते धुवावे लागते. एका पानामागे दोन लिटर पाणी धरले, तरी दहा हजार पानांमागे वीस हजार लिटर झाले. ज्या गावी पाणी मुबलक, तेथे ताट बरे. ज्या गावी पाण्याची टंचाई, तेथे उन्हाळ्यापुरती तरी पत्रावळ बरी. पावसाळ्यात ताट आणि वैशाखात पान, अशी ऋतुवार रीत ठेवण्यास कोणते शास्त्र आड येते? शिवाय पत्रावळी लावणाऱ्या बायकांना चार महिने काम मिळेल, ते वेगळेच. ताटे धुतलेले पाणी नुसते गाळून झाडांना घातले, तरी आवारात सावली होईल.

आणि पोहऱ्याचे काय? तो परत आणावा असे कोणी सुचविणार नाही, मीही नाही. परंतु प्रत्येक लॉजच्या दाराशी उतारूंची एक वही असते. तीत नाव, गाव, येण्याची वेळ व जाण्याची वेळ लिहून घेतात. तिच्यात आणखी एक रकाना आखावा आणि काल या इमारतीत माणशी किती बादल्या पाणी लागले, तो आकडा रोज सकाळी त्यात मांडावा. सही करताना तो उतारूच्या नजरेस पडेल. त्याला कोणी काही सांगू नये.