शिपायाच्या पाठीमागचे घर

पुण्याहून सिंहगडाकडे निघालेल्या वाटसरूस धायरी लागते. पुढे खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला १९४९ साली बसली. तिच्याही पलीकडे गड. या वाटेने जाताना शौर्याच्या कथा सर्वांसच आठवतात. परंतु ते शौर्य कशाच्या आधारावर तग धरते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो.

इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत गडावर तानाजी मालुसरे पडला आणि मावळ्यांचा धीर सुटू लागला. दोर कापल्याची गोष्ट मागाहूनच्या परंपरेतली असेल. पण सूर्याजीने हिंमत धरून लोक सावरले, हे सभासदाच्या बखरीतही आले आहे. माणसे तीच होती, शस्त्रेही तीच. आपला म्हणून हाक मारणारा कोणी अद्याप उभा आहे, एवढे कळताच ती माघारी वळली. मराठी राज्यास हे मर्म ठाऊक होते. रणात पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी होणाऱ्या नेमणुकीस बालपरवेशी म्हणत. मागे पोरे उघडी पडणार नाहीत अशी खात्री असणे, ही शिपायाची अर्धी ढालच होय.

तथापि हाच आपलेपणा कधी ओझेही होतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या हिंदी डिव्हिजनचे नाव पुण्यावरूनच पडले होते, आणि तीत मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरात ही फौज तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावी वेढली गेली. अन्न संपत आले, तेव्हा घोडे मारून मांस वाटण्यात येऊ लागले. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते नाकारले. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, अंगातले त्राण गेले, तरी ते बधले नाहीत. तोफांपुढे न डगमगणाऱ्या या लोकांस भय होते ते धर्माचे, आणि गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील याचे. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून अनुज्ञेचे संदेश मागविण्यात आले. तरीही बहुतेकांचा संकोच एप्रिलापर्यंत सुटला नाही. तोवर फार उशीर झाला होता. धीर देणारा समाजाचा शब्द वेळेवर पोहोचणे हे दारूगोळ्याइतकेच निकडीचे असते, याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे १३,००० लोक कैद झाले. अंमलदार निराळे काढण्यात आले. सेनापती टाउनशेंड यांस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाने ठेवले गेले; शिपायांस मात्र वाळवंटातून पायी हाकलण्यात आले, आणि अनेक हिंदी कैदी रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. हजारो परतलेच नाहीत. ज्यांच्या शब्दावर लढले, ते अशा वेळी जवळ नसावेत, ही व्यथा उपासमारीहून हलकी नव्हती. उरला तो शेजारच्या सोबत्याचाच आधार.

जे परतले, त्यांचे काय? अपंग शिपायांस धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती आज खडकीस आहे. तुटल्या हातापायांची दखल अशी घेतली गेली. मनाच्या जखमेची वाच्यता मात्र आपल्या घरांतून होत नसे. महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या युद्धाच्या शिळा आढळतात. गावातून किती गेले व किती पडले, एवढाच आकडा त्यांवर असतो. परत येऊन रात्री दचकून उठणाऱ्याची गणती कोणत्या शिळेवर करावी?

आमच्या मते ती घराघरांतूनच झाली पाहिजे. सुट्टीवर आलेल्या जवानाचा आपण हार घालून गौरव करतो, आणि नंतर पराक्रमाच्या गोष्टी ऐकू मागतो. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे, आणि वाटणार नाही तेव्हा गप्प बसू देणारे माणूस घरात असावे. सूर्याजीची हाक गडावर एकदाच उठली. प्रत्येक शिपायाच्या घरी मात्र तिची गरज नित्य असते.